खाणीचा तळ आणि आजीची घागर

माळावरची बंद पडलेली दगडाची खाण. मे महिना, तळ कोरडा ठणठणीत. इथे कचऱ्याची भरावभूमी करायचा प्रस्ताव होता. खड्डा आयता, खाली काळा पाषाण. यातून पाणी जाणार कुठे? हे तपासायला आलेल्या भूवैज्ञानिकाबरोबर मी दिवसभर हिंडलो.

तो आधी खाणीत उतरलाच नाही, ओढ्याच्या दरडीकडे गेला. दरडीत थर उघडे पडले होते: वर हातभर माती, खाली मुरूम, मग मऊ मांजऱ्या खडक, त्याखाली गेरूचा तांबडा पट्टा आणि पुन्हा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थराथराने पसरला. दोन थरांमधल्या काळात झालेली माती पुढच्या लाव्हाखाली भाजली, तो हा गेरू. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्याच्यावरून आडवं चालतं. नेमक्या त्या रेषेवर, एवढ्या उन्हातही, गवताचे चार हिरवे झुबके होते.

खाणीच्या काठावर बोअर चालू होतं. हिऱ्याच्या बिटाने कापलेले दगडाचे दांडे पेटीत ओळीने मांडलेले. दहा सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकडे किती, हे तो मोजत होता. दगड किती अखंड आहे ते त्यावरून कळतं. दगड चांगलाच टणक होता. पण काही तुकड्यांची तोंडं गंजासारखी तांबूस दिसत होती. ‘इथून पाणी वाहून गेलंय,’ तो म्हणाला. मग बोअरचा तीन-तीन मीटरचा टप्पा रबरी पॅकरने बंद करून त्यात दाबाने पाणी सोडलं. वरच्या टप्प्यात मीटरचा काटा जेमतेम हलला. खालच्यात गरगर फिरू लागला. काळा पाषाण पाणी पीत नाही, त्याच्या फटी पितात. त्यातून खाणीत वर्षानुवर्षं सुरुंग उडालेले.

दुपारी विहिरी. एका रेषेत नसलेल्या तीन निवडल्या. लेव्हल लावून काठांची उंची काढली, टेप सोडला, पाण्याला टेकताच तो वाजला. उंचीतून खोली वजा केली, की पाण्याचा उतार कळतो. उतार गावच्या पिण्याच्या विहिरीकडे होता. कचरा डेपोमुळे विहिरी नासल्याची तक्रार पुण्याजवळच्या उरुळी देवाची–फुरसुंगीने वर्षानुवर्षं केली आहे.

नियमाप्रमाणे तळाला 90 सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर घालावं लागतं. शिवाय भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या मातीच्या किमान दोन मीटर खाली हवी. सर्वांत वरची, मे महिन्यातली नव्हे.

तिसऱ्या विहिरीवर एक आजी धुणं धूत होत्या.

‘आजी, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?’

‘श्रावणात दोर लागत नाही, बाबा. वाकून घागर भरते.’

त्याने विहिरीत डोकावून पाहिलं. काठापासून दीड हातावर चुन्याची पांढरी रेघ होती. ती मोजली, वहीत वजाबाकी केली. खाणीचा कोरडा तळ त्या रेघेच्या बराच खाली होता.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजायला यायचं ठरलं. तोवर तक्त्यात मे महिन्याचा आकडा भरून त्याने शेऱ्याच्या रकान्यात आजींचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.