मनाच्या रोगांचें संशोधन

“मानसशास्त्र शिकून आमच्या मुलानें वेड्यांच्या इस्पितळांत बसावयाचें काय?” असें एका पालकांनीं आम्हांस पुसलें. ही शंका अनेकांची असेल, म्हणून उत्तर येथें देतों.

ताप उष्णतामापकानें कळतो. दुःख मोजावयास नेमके प्रश्न योजावे लागतात. हेंच या संशोधनाचें काम. डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं गोव्यांत २४ साधे दवाखाने निवडले. पैकीं निम्म्यांत, डॉक्टर नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं उदास व चिंताग्रस्त रुग्णांस धीर व सल्ला दिला. २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सरकारी दवाखान्यांत या साह्यानें अधिक रुग्ण बरे झाले, खासगींत मात्र तसा फरक दिसला नाहीं. ही दुसरी गोष्टही त्यांनीं झांकली नाहीं. अशी सचोटी हेंच संशोधकाचें भांडवल होय.

मार्ग मुख्यतः दोन : वैद्यकीची पदवी घेऊन मनोविकारशास्त्रांत एम. डी., अथवा मानसशास्त्रांत एम. ए. व पुढें पीएच. डी. दोहोंस संख्याशास्त्र हवेंच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत असें उच्च शिक्षण मिळतें. वाट आठ-दहा वर्षांची आहे, हें पालकांनीं आधींच ओळखावें. परंतु विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याचें दुःख लक्षपूर्वक ऐकण्याचा अभ्यास आजच आरंभितां येईल. त्यास शुल्क नाहीं.