भुशाखाली काय चालतं

पाण्याचा थेंबही न मागणारा एक संडास असतो. दोन हातांनी उचलून गाडीत ठेवता येईल एवढाच. होडीवर, फिरत्या घरात, नळ नसलेल्या शेतघरात, खडकाळ जागी जिथे शोषखड्डा खणता येत नाही तिथे तो बसवतात. नीट राखला तर शेजारी बसून पुस्तक वाचावं इतका तो बिनवासाचा राहतो. त्याहून नवल असं, की त्याचं झाकण उघडून आत साबण, फिनेल, ब्लीच ओतून तो लख्ख केला, तर तो बिघडतो. कारण आतली खरी सफाई करणारे वेगळेच आहेत, आणि आपलं काम त्यांना जगवण्याचं.

आधी तो कसा चालतो ते पाहू. बैठकीच्या आत पुढच्या बाजूला एक उतरतं नाळकं असतं. लघवी त्यातून पुढच्या बाटलीत जाते, घट्ट मैला मागच्या टाकीत पडतो. म्हणून यावर बाई असो की पुरुष, दोघांनीही बसूनच विधी उरकायचा. एवढी साधी फारकत, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाला एकटं सोडलं तर साध्या पाण्यात त्यातला निम्मा मोडायला अंदाजे चाळीस वर्षं लागतील. पण मैल्यात आणि मातीत असे जिवाणू असतात ज्यांच्याजवळ युरिएज नावाचं विकर असतं, आणि ते हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करून टाकतं. युरिया मोडला की अमोनिया सुटतो. मुतारीतून डोळ्यांत पाणी आणणारा जो वास येतो, तो हा. 1926 साली जेम्स समनर या अमेरिकी रसायनज्ञानं अबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएजचे स्फटिक वेगळे काढले. स्फटिकरूपात मिळालेलं ते जगातलं पहिलं विकर, आणि त्याबद्दल पुढे 1946 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विकरं ही प्रथिनं असतात हे त्या स्फटिकांनी दाखवलं. जीवरसायनशास्त्रातला एवढा मोठा शोध आणि मुतारीचा वास यांची नाळ एकच, हे वाचलं तेव्हापासून त्या वासाकडे बघण्याची माझी नजर पार बदलली आहे.

तर लघवीची बाटली रोज, फार तर एक दिवसाआड रिकामी करायची. उन्हाळ्यात रोजच. अमोनिया वाढला की लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यात विरघळलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फेट खाली बसू लागतात. नाळक्यात आणि नळीत भुरकट, खरखरीत थर धरतो. त्यातला एक क्षार स्ट्रुव्हाइट, म्हणजे जंतुसंसर्गातून होणाऱ्या मूतखड्यात सापडतो तोच. घासून तो हलत नाही, आम्लानं विरघळतो. म्हणून नाळक्यात अधूनमधून व्हिनेगर फवारायचं, किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी रात्रभर बाटलीत ठेवून सकाळी विसळायचं. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करावी: या बाटलीत ब्लीच कधीही घालायचं नाही. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात, फुप्फुसं पोळतात. व्हिनेगर आणि ब्लीच मिसळलं तर क्लोरीन निघतो. बंद खोलीत दोन्ही जिवावर बेतू शकतात.

आता मागची टाकी. एक ग्रॅम मैल्यात सुमारे शंभर अब्ज जिवाणू असतात. त्यातले बहुतेक आतड्याच्या अंधारात, प्राणवायूशिवाय वाढलेले. बाहेरची हवा त्यांना सोसत नाही. हवा खेळती राहिली तर ते मागे पडतात आणि हवेवर जगणारे जिवाणू व बुरश्या ताबा घेतात. हवा कोंडली, वर पाणी साचलं, तर जुनेच राज्य करतात आणि हायड्रोजन सल्फाइड, स्कॅटोल, इंडोल अशी द्रव्यं सोडत राहतात. यातलं इंडोल मोगऱ्याच्या फुलातही असतं, अगदी थोडं, आणि मोगऱ्याचा तो धुंद गोडवा त्याच्यावाचून पुरा होत नाही. सुगंध आणि दुर्गंध यांच्यात कधी कधी फक्त मात्रेचा फरक असतो.

हवा खेळती ठेवण्याचं काम भुसा करतो. मैल्यात कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण आठास एक असतं, लाकडाच्या भुशात दोनशेस एकाच्याही वर. जिवाणूंना मानवतं ते पंचवीस-तीसास एक. तेव्हा भुसा हे त्यांच्या जेवणातलं अर्धं ताट आहे. तो ओल शोषतो, पोकळी राखतो आणि माशीला बसायला जागा ठेवत नाही. छोट्या फिरत्या संडासांत बहुधा काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरतात. विटेसारखी त्याची लादी थोड्या पाण्यात भिजवली की फुलून मोकळी होते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल. कोकणात भाताच्या तुसाची आणि नारळाच्या सोडणाची कमतरता नाही, त्यामुळे विकतची लादी आणायलाच हवी असं नाही. मात्र प्लायवूडच्या कारखान्यातला भुसा घेऊ नये, त्यात डिंक आणि रसायनं असतात. राख चिमूटभर चालते. जास्त घातली तर रोगजंतू मरतात खरे, पण कुजणंही थंडावतं.

दर वापरानंतर बाजूचा दांडा फिरवायचा, आतलं वरखाली होतं. एक छोटा पंखा, संगणकात असतो तसला, अहोरात्र हवा बाहेर ओढत राहतो. त्यानं टाकीतली हवा कायम आतून बाहेर जाते, खोलीत येत नाही. पंख्याच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा ब्रशनं झाडली नाही तर तिच्यावर धूळ बसते, ओढ कमी होते आणि वास उलटा येऊ लागतो. चिलटं झाली तर समजावं की आत ओल जास्त आहे: भुसा वाढवा, जाळी आणि झाकणाची रबरी पट्टी तपासा.

हे ज्ञान नवं नाही. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या फोर्डिंग्टनचे धर्मगुरू हेन्री मूल यांनी 1849 आणि 1854 चा कॉलरा आपल्या गावात पाहिला होता. 1859 च्या उन्हाळ्यात त्यांनी घरचा मैल्याचा खड्डा बुजवून टाकला आणि घरच्यांना बादल्या वापरायला लावल्या. बादल्यांतलं बागेत फूटभर खोल पुरलं. तीन-चार आठवड्यांनी तिथे खणलं तर काहीच सापडेना. मग ते रोज सकाळी चाळलेली कोरडी माती मैल्यात मिसळू लागले आणि पाहतात तो काही मिनिटांत ना वास ना खूण. पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, त्यांनी मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं: मागे कोरड्या मातीचा पेटारा, दांडा ओढला की मापात माती खाली. तीच माती वाळवून ते पुन्हा पुन्हा वापरत. पाच वेळा वापरलेली माती एका शेतकऱ्यानं अर्ध्या शेताला घातली, उरलेल्या अर्ध्याला तितकंच सुपरफॉस्फेट, तर मातीवाल्या अर्ध्यातले सलगम एक तृतीयांशानं मोठे भरले. मातीत जिवाणू काय करतात हे तेव्हा नीट कोणाला माहीत नव्हतं. मूल यांनी निव्वळ डोळे उघडे ठेवून पाहिलं.

टाकी भरली की, दोन माणसांच्या वापरात काही आठवड्यांनी, ती रिकामी करायची. हातमोजे घालायचे आणि लघवीची बाटली आधीच काढून ठेवायची, नाहीतर तिरकं करताना सांडते. आदल्या एक-दोन दिवसांत संडास वापरला नसेल तर काम अगदी सोपं. बाहेर पडतं ते बरंचसं ओलसर काळपट मातीसारखं. टाकी घासून पांढरी करू नये. तळाशी आणि कडेला चिकटलेलं मूठभर तसंच राहू द्यावं, दह्याच्या भांड्यात विरजण उरवतो तसं. नव्या भुशात जिवाणूंची वस्ती त्यातूनच लवकर बसते. बैठक, नाळकं, झाकण मात्र पातळ व्हिनेगरच्या फडक्यानं पुसावं, कारण आपला हात तिथे लागतो.

आपल्याकडे एक अडचण खरी आहे आणि विकणारे तिच्याबद्दल बोलत नाहीत. आपण पाण्यानं धुतो. ते पाणी टाकीत गेलं की सगळी वस्ती बुडते. देशी बनावटीच्या कोरड्या संडासांत म्हणून धुण्यासाठी वेगळी, तिसरी जागा ठेवतात आणि ते पाणी केळीच्या किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडतात. फिरता संडास घेणाऱ्यानं याची सोय आधी करावी, मग पैसे द्यावेत.

आणि दुसरी गोष्ट अडचणीपेक्षा फार मोठी. कोरडा संडास म्हटलं की या देशात पिढ्यानपिढ्या काही जातींच्या माणसांच्या डोक्यावर लादलेली पाटी आठवते, आणि आठवलीच पाहिजे. 1993 च्या कायद्यानं तसले संडास बांधण्यावर बंदी घातली, 2013 च्या कायद्यानं ती अधिक कडक केली. त्या पाटीतला मैला ताजा होता, दुसऱ्या कोणीतरी उचलावा म्हणून सोडलेला. या टाकीतलं ज्याचं त्यानं उचलायचं, तेही बरंचसं माती झाल्यावर. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन आयुष्यभर याच भेदासाठी झगडले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडास-सफाईचं काम आपल्यालाही करू द्या म्हणून ते हटून बसले, उपास केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात अन्न सोडलं. पुढे 1948 मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. मैल्याचं सोनखत करण्याचे प्रयोग अप्पांनी तिथे केले, त्यातून गोपुरी संडास आला. जात आणि घाण यांची गाठ सोडवायला त्यांनी कुजण्याचं शास्त्र हाती घेतलं, यापेक्षा थोर उपयोग मला त्या शास्त्राचा माहीत नाही.

टाकीतून निघालेलं दिसायला मातीसारखं असलं तरी अजून खत झालेलं नसतं. डबा लहान, जिवाणूंची ऊब त्यात साठत नाही. बाहेर साधारण एक घनमीटरचा ढीग पालापाचोळ्यासह रचला तर आतलं तापमान 55 अंशांच्या पुढे चढतं, हात घालवत नाही. बाहेरून आग नाही, ऊन नाही, नुसत्या श्वासोच्छ्वासाची ती उष्णता. एवढी उष्णता कशाला हवी, तर जंतांच्या अंड्यांसाठी. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, आणि त्यांचं कवच इतकं चिवट की मातीत ती वर्षानुवर्षं तग धरतात. 55 अंशांत काही दिवस राहिली की मात्र संपतात. ढीग तापल्याची खात्री नसेल तर उष्ण हवेत निदान एक वर्ष, थंड जागी दोन वर्षं पिंपात झाकून ठेवणं हाच उपाय. पूर्ण झालेल्या खताला पहिल्या पावसाचा वास येतो. तो जिओस्मिनचा, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूंनी केलेला, आणि माणसाच्या नाकाला तो पाण्यात अब्जात एका भागाहूनही कितीतरी कमी असला तरी कळतो.

पिंपावर भरल्याची तारीख लिहावी आणि दोन पिंपं आळीपाळीनं वापरावीत. खत नारळ, आंबा, केळी, फुलझाडं यांच्या आळ्यात मातीआड घालावं. मुळा, गाजर, कोथिंबीर यांना घालू नये. लघवी आठ-दहापट पाणी मिसळून झाडांच्या मुळाशी द्यावी. आपण शरीराबाहेर टाकतो त्यातला बहुतांश नायट्रोजन तिच्यातच असतो, आणि भाजीपेक्षा केळीला ती जास्त लागते.