ऐंशी नंबरचं दार

रात्री साडेअकराला टर्मिनलवर ओळ उमटली: ऐंशी पोर्ट धरता येत नाही, एरर 13, परमिशन डिनाइड. मला बरंच वाटलं. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मी मुद्दाम रूटऐवजी एका साध्या युजरच्या नावाने उठवला होता आणि लिनक्सने त्याला दारातच अडवलं होतं.

1024च्या खालचे पोर्ट फक्त रूटने धरायचे, हा बर्कलीच्या युनिक्सपासूनचा रिवाज. तेव्हा एकेका मशीनवर अनेक जण काम करत. लहान नंबरच्या पोर्टवरून बोलणारा प्रोग्राम कारभाऱ्याचाच, असा विश्वास त्यामागे होता. आता मशीन भाड्याचं, कारभारी मीच. रिवाज मात्र तसाच.

एरवी एन्जिनएक्सची मास्टर प्रोसेस रूट म्हणून उठते, पोर्ट धरते आणि खरी हमाली कमी अधिकारांच्या वर्करांकडे देते. हे वाईट नाही. पण मास्टर शेवटपर्यंत रूटच राहतो, आणि मला तोही नको होता.

मग सेटकॅप वापरून फक्त पोर्ट धरण्याची मुभा बायनरीला दिली. आता पीआयडी फाइल लिहिता येईना, लॉग उघडेना. सर्टिफिकेटची खासगी की तर रूटच्या कुलपात. ती त्या युजरला वाचू द्यावी लागली, आणि हा सौदा मला अजून टोचतो: सर्व्हर फोडला गेला, तर कीची फाइलही हाती लागेल.

पंधरवड्याने सकाळी साइट बंद. रात्री पॅकेज अपडेट झालं होतं. नवी बायनरी आली, मुभा जुनीबरोबर गेली. तेव्हापासून ती मुभा सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये, माझ्या वेगळ्या फाइलीत एका ओळीत आहे. लिनक्स 4.11पासून 1024ची मर्यादाच खाली आणता येते, पण मग मशीनवरचा कुणीही ऐंशी धरू शकतो. मला ते पटत नाही.

एवढं करून वैतागून साइटच्या फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, दिलं, तर सगळं पाण्यात. माझ्याकडे फाइली दुसऱ्याच युजरच्या नावावर आहेत. सर्व्हरने त्या नुसत्या वाचायच्या. लिहायला फक्त अपलोडचं फोल्डर, आणि तिथली पीएचपी चालत नाही.

तुमच्या सर्व्हरवर आज एकदा पीएस एयूएक्स (ps aux) चालवा आणि पहिला रकाना बघा. वेब सर्व्हरच्या किती ओळींसमोर रूट लिहिलंय, ते मोजा.