आधी श्वास सोडा

दम लागलेल्या माणसाला आपल्याकडे एकच सल्ला मिळतो : ‘मोठा श्वास घे!’ टेकडीवर मिळतो, मैदानावर मिळतो, लिफ्ट बंद पडली की जिन्यातही मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण समोरच्याला दमा असेल तर सल्ला नेमका उलटा आहे.

दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, आक्रसतात, त्यात चिकट कफ असतो. श्वास घेताना छाती फुगते तशा या नळ्याही थोड्या ताणल्या जाऊन उघडतात; सोडताना त्या पुन्हा मिटू लागतात. म्हणजे खरी अडचण हवा बाहेर जाण्याची. आतली हवा पुरती निघायच्या आत पुढचा श्वास घ्यायची वेळ येते आणि शिल्लक साचत जाते. दमा नसलेल्यांनी खुर्चीत बसून करून पाहावं. छाती भरून श्वास घ्या, जेमतेम निम्मा सोडा, पुन्हा घ्या, पुन्हा निम्माच सोडा. चौथ्या-पाचव्या खेपेला खांदे कानांपाशी येतात आणि श्वास येत नाहीसं वाटतं. हवा कमी पडलेली नसते, जागाच उरलेली नसते. दमेकऱ्याचं चढावर हेच होतं, आणि त्यात वरून कोणीतरी सांगतं, अजून घे.

म्हणून व्यायामातलं सगळं तंत्र श्वास सोडण्याभोवती फिरतं. ओठांचा चंबू करायचा आणि बशीतल्या गरम चहावर फुंकर घालावी तितक्याच जोराने हवा सोडायची. जास्त जोर लावला तर छातीतला दाब नळ्यांना बाहेरून आवळतो, खोकला उसळतो. चालताना दोन पावलांत श्वास घ्यावा, तीन-चार पावलांत सोडावा. चढ आला की हिशेब बदलतो, बदलू द्यावा. पावलं मोजण्यात जीव घाबरा होत असेल तर मोजूच नये. खांदे सैल, आणि श्वास घेताना छातीआधी पोट पुढे यायला हवं. या चंबूने सुजलेली नळी बरी होत नाही. अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वेळ मिळतो, एवढंच. पण चढावर तेवढंही पुष्कळ असतं.

व्यायामानेच दमा का उसळतो, याचं कारण बऱ्याच अंशी नाकात आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. नाक ती गाळतं, गरम करतं, ओलसर करून आत सोडतं. जोरात पळताना हीच गरज शंभर लिटरच्या घरात जाते. त्याच्या बऱ्याच आधी, साधारण ३५ ते ४० लिटरच्या पुढे, नाक पुरेनासं होतं आणि तोंड उघडतं. मग कोरडी, गार हवा थेट नळ्यांत शिरते, तिथला ओलावा उडतो. अस्तरातल्या पेशी त्या कोरडेपणाने चिडून हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. डिसेंबरातल्या पहाटे टेकडीवर जाणाऱ्यांना जो त्रास होतो, तो पावसाळी दमट हवेत त्याच चालीला होत नाही, तो यामुळे. पोहणं दमेकऱ्यांना सहसा मानवतं तेही यामुळेच : पाण्यालगतची हवा ओलसर असते, शिवाय पाण्यात तोंड घालून श्वास लांबवून सोडावाच लागतो. मात्र बंदिस्त तलावात क्लोरीनचा उग्र वास नाकाला झोंबत असेल तर तिथून निघावं.

यातून एक बिनखर्चाची मोजपट्टी हाती लागते. तोंड मिटून, नाकाने श्वास घेत जितक्या वेगाने चालता येईल, तो सुरुवातीचा वेग. आतकरवाडीतून सिंहगडाची वाट धरली की चढ लगेच अंगावर येतो. सोबतचे तरुण पहिल्या टप्प्यातच पुढे पळतात. दमेकऱ्याने त्यांच्यामागे लागू नये. आधी सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालावं, मध्ये मध्ये अर्धा-पाऊण मिनिट वेग वाढवावा, पुन्हा कमी करावा. अशा छोट्या झटक्यांनी नळ्यांना आधीच थोडी चिथावणी मिळते आणि पुढचा काही काळ त्या तितक्या चटकन आवळत नाहीत. साधारण निम्म्या दमेकऱ्यांत ही सूट एक ते तीन तास टिकते. खेळाडू तिचा फायदा मुद्दाम उठवतात. दमा असलेल्या ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. अर्थात तीही औषधाचा पंप (इनहेलर) वापरायचीच.

व्यायामाने उसळणारा त्रास पुष्कळदा पळताना नव्हे, थांबल्यावर होतो. सहा-आठ मिनिटं दणकून धावलेलं मूल थांबतं आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत त्रास शिगेला पोचतो. खो-खोचा डाव संपल्यावर मैदानाच्या कडेला बसून खोकणारी पोरगी नाटक करत नसते. म्हणून एकदम बसायचं नाही. चालत राहायचं, नाकाने घ्यायचं, चंबूने सोडायचं, दहा मिनिटं तरी.

आता प्राणायाम. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहायचा पायंडा पाडला, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षी सुरू केलं. त्या वृत्तीला धरूनच बोलायचं तर, संथ श्वसनाच्या चाचण्या काय सांगतात? रुग्णाला बरं वाटतं, धास्ती कमी होते, धाप हाताळता येते. नळ्यांची सूज मात्र उतरल्याचं दिसत नाही. सोव्हिएत डॉक्टर बुटेको यांच्या गाजलेल्या ‘कमी श्वास घ्या’ पद्धतीचंही तेच. कपालभाती आणि भस्त्रिका यांत श्वासाचा वेगच वाढतो, त्यामुळे छातीत सूं-सूं वाजत असताना त्या करणं मला तरी आगीशी खेळ वाटतो. आणि प्राणायाम सुरू केला म्हणून किंवा कोजागरीच्या खिरीतलं औषध घेतलं म्हणून पंप बंद करणारे प्रत्येक गावात भेटतात. पंपाची सवय लागते ही भीती बिनबुडाची आहे. सूज आटोक्यात ठेवणारं औषध रोज न घेता फक्त तात्पुरता आराम देणारा पंप ओढत राहणं जास्त घातक. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने २०१९ पासून मोठ्यांसाठी आणि किशोरवयीनांसाठी तसं न करण्याचाच सल्ला दिला आहे.

पंप ओढायलाही तंत्र लागतं, आणि ते बहुतेकांचं चुकतं. फवाऱ्याचा पंप असेल तर तो हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, कळ दाबत हळू, लांब श्वास घ्यायचा, जमेल तर दहा सेकंद रोखायचा. कॅप्सूलमधली पूड ओढायची असेल तर नेमकं उलट : झटक्यात, जोरात. फवारा जोरात ओढला तर औषध घशात बसतं. पूड हळू ओढली तर यंत्रातच राहते. डॉक्टरांनी व्यायामाआधी पंप घ्यायला सांगितलं असेल तर तो साधारण दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायचा.

चालता चालता एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर थांबावं, पंप घ्यावा. तरी उतार पडला नाही, ओठ निळसर दिसू लागले किंवा गळ्याजवळची कातडी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली, तर श्वसनाच्या युक्त्या करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

शाळांमध्ये दमा असलेल्या मुलांसाठी पालक ‘पी.टी.तून सूट मिळावी’ अशी चिठ्ठी देतात, आणि शाळाही सुटकेचा श्वास सोडते. त्याऐवजी डॉक्टरांकडून दुसरी चिठ्ठी आणावी : खेळाआधी पंप, दहा मिनिटं हलकी धाव, त्रास झाल्यास काय करायचं ते दोन ओळींत, आणि पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात नाही तर मुलाच्या खिशात राहू द्यावा.