कोरडं फडकं आणि चाळीस मायक्रॉन

मराठवाड्यात गाडीच्या रंगावर सगळ्यांत जास्त ओरखडे पडतात ते घराच्या दारात. सकाळी आठच्या सुमारास नांदेडच्या भाग्यनगरात किंवा लातूरच्या औसा रोडवरच्या कॉलन्यांत चक्कर मारा. ड्रायव्हर किंवा घरातला पोरगा डिकीतून पिवळं फडकं काढतो, दोनदा झटकतो आणि बॉनेटवर गोल गोल हात फिरवायला लागतो. पाणी नसतं; असलं तरी ते गाडीसाठी नसतं. रात्रभर बसलेली धूळ फडक्याखाली रगडली जाते आणि पाच मिनिटांत गाडी चकचकीत होते. त्याच पाच मिनिटांत रंगावर बारीक रेघांची भर पडते. पांढऱ्या गाडीत ते वर्षानुवर्षं कळत नाही. काळी स्कॉर्पिओ मात्र भर दुपारी उन्हात उभी केली की सगळं उघड करते: सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती रेघांची गोल जाळी. गॅरेजवाले तिला ‘जाळी’च म्हणतात, नव्या दुकानांतली पोरं ‘स्वर्ल’ म्हणतात.

आपल्याकडची धूळही साधी नाही. दख्खनची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. त्या खडकातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं कठीणपणाच्या मोह्स मापावर पाच-सहाच्या घरात बसतात. नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ सातवर. या कणांपुढे गाडीचा वरचा थर, जो शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच असतो, फारच मऊ. त्यात खडी केंद्रांची भुकटी, वाळूच्या हायवांमागे उडणारी रेती, गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उतरणारी बगॅसची राख. नांदेडहून लातूरला जाताना वाटेत लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला गाडी नेली की ती भंडाऱ्याने पिवळी होऊनच परतते. हळदीचं एक बरं असतं, तिचा रंग उन्हाने आपोआप उडतो. पण तिच्यासोबत चिकटलेली धूळ तशीच राहते आणि ती काढायला पुन्हा फडकंच येतं.

पाण्याचा विषय निघाला की लातूरचं नाव येणारच. 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात आली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे ती ‘जलदूत’ म्हणून देशभर गाजली. ज्या शहराने प्यायचं पाणी मालगाडीने येताना पाहिलं, तिथे अंगणात नळी सोडून गाडी धुणारा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून कोरड्या फडक्याला आळशीपणा म्हणणं मला पटत नाही. ती दुष्काळाने लावलेली सवय आहे, आणि पाऊस बरा झाल्यावरही ती सुटलेली नाही. बोअर असलेल्यांची वेगळीच अडचण. बेसाल्टच्या भेगांतून उपसलेलं ते पाणी जड. गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की प्रत्येक थेंबाच्या जागी कॅल्शियमचं पांढरं कडं उरतं. ते वेळीच काढलं नाही तर वरच्या थरात रुतत जातं.

ही जाळी गोल का दिसते, हे समजून घेतलं तर पॉलिशच्या कामातलं निम्मं समजतं. फडकं गोल फिरवल्यामुळे गोल रेघा पडतात, असं सगळ्यांनाच वाटतं. प्रत्यक्षात रेघा हव्या तशा, सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. बारीक रेघ प्रकाश फेकते तो आपल्या आडव्या दिशेने. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा बरोबर आडव्या बसतात तेवढ्याच डोळ्याला चमकताना दिसतात. बाकीच्या तिथेच असून दिसत नाहीत. ट्यूबलाइटखाली स्टीलचं जुनं ताट फिरवून बघा, जाळी ताटाबरोबर फिरत नाही, दिव्याच्या प्रतिबिंबाला धरून राहते. अशा हजारो रेघा प्रकाश इकडेतिकडे उधळतात, म्हणून काळा रंग राखी वाटू लागतो आणि लाल रंग विटल्यासारखा. रंग बहुतेक वेळा खाली ठणठणीत असतो.

खाली म्हणजे नेमकं कुठे? हल्लीच्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन रंग असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पत्र्यालगत गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग, तोही जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉन, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडचे पेंटर ‘लॅकर’ म्हणतात. तो असतो 35 ते 50 मायक्रॉन. चाळीस धरा. ऊन अडवणारी रसायनं त्यातच असतात, चमक त्याचीच, आणि जाळीही त्याच्यातच. पॉलिश करणं म्हणजे या चाळिसातले एक-दोन मायक्रॉन खरवडून रेघांच्या तळापर्यंत पृष्ठभाग सपाट करणं. गिऱ्हाइकाला वाटतं गाडीवर काहीतरी लावलं जातंय. खरं तर काढलं जातंय, आणि काढलेलं परत येत नाही.

अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात हा हिशेब नव्हता. त्यांच्यावर वेगळा पारदर्शक थर नसे, जो दिसे तोच रंग. उन्हाने तो वरून खडूसारखा भुरकट होई. मग उस्ताद हाताने कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारत आणि फडक्याला गाडीचा रंग लागे. जुन्या मालकांना त्यात काही वावगं वाटत नसे, उलट फडकं जितकं रंगेल तितकं काम झालं असं समजत. घासून चमक आणायची ही रीत त्याहून जुनी आहे. 1920च्या दशकात अमेरिकेत ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला. आधी बग्गीच्या वार्निशला वाळायला आठवडे लागत, ते काम काही तासांवर आलं; पण तो रंग वाळल्यावर मंद दिसे, चमक हवी तर घासावंच लागे. आज कामाआधी रबरी पट्ट्यांवर आणि पत्र्याच्या कडांवर लावतात तो मास्किंग टेपही त्याच दशकातला. रिचर्ड ड्रू या थ्रीएम कंपनीतल्या माणसाने 1925 साली मोटारींच्या पेंटरांची दुरंगी रंगकामातली तारांबळ पाहून तो काढला.

पॉलिशच्या कामाची सुरुवात पाण्यानेच करावी लागते, त्याला पर्याय नाही. आधी फोम मारून धूळ सुटी करायची, मग मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, हलक्या हाताने फिरवायचा, मग क्ले. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखी वडी. साबणाच्या पाण्यावरून ती सरकवली की रंगात रुतलेली लोखंडाची कुसं, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक तिच्यात येतो. गाडी हाताला काचेसारखी लागली की ती सावलीत, आत घ्यायची. नांदेडच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा उन्हातल्या बॉनेटवर कंपाउंड लावताक्षणी सुकतं आणि पॅड कोरडाच घासत राहतो. म्हणून उघड्यावर, लिंबाखाली मशीन चालवणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

मशीनचे दोन वाण. जुनं ते रोटरी: पॅड एकाच आसाभोवती फिरतो, मिनिटाला सहाशेपासून तीन हजार फेऱ्या. ते झपाट्याने कापतं, तापतंही तितकंच, आणि कडेवर क्षणभर रेंगाळलं की लॅकर जाऊन खालचा रंग उघडा पडतो. कडेवर थर मुळातच पातळ बसलेला असतो. दुसरं ड्युअल ॲक्शन, दुकानांत नुसतं ‘डीए’. त्याचा पॅड फिरतो आणि आठ, पंधरा किंवा एकवीस मिलिमीटरच्या झोक्याने डुलतोही. त्यामुळे उष्णता पसरते, नवशिक्याच्या हातून नुकसान कमी होतं, वेळ मात्र जास्त जातो. मला स्वतःला रोटरीवर बसलेला जुना हात बघायला आवडतो. पण गाडी माझी असेल तर डीए.

हातोटी दिसते ती वेगात. चांगला कारागीर मशीन ढकलत नाही, तिचं वजन तिलाच पेलू देतो आणि हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतका हळू सरकवतो. दोन फूट बाय दोन फूट जागा, आधी उभे पट्टे, मग आडवे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला. कंपाउंडमधले कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, मोह्स मापावर नऊ. काही कंपाउंडांत ते घासताना फुटून बारीक होत जातात, त्यामुळे ती पूर्ण चालवावी लागतात. अर्ध्यात पुसली तर मोठ्या कणांचे ओरखडे तसेच राहतात. काहींत कण सुरुवातीपासूनच एकसारखे बारीक असतात. दर पट्ट्यानंतर ब्रशने पॅड झाडायचा, नाहीतर निघालेल्या लॅकरचा गाळ त्यातच साचतो. हे कंटाळवाणं काम कोण करतो आणि कोण टाळतो, एवढ्यावरून दुकान ओळखावं.

सगळी गाडी करण्याआधी हातभर जागेवर नमुना घ्यायचा असतो. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने काम होतंय का ते आधी पाहायचं. नाही झालं तरच एक पायरी कडक. पुष्कळ ठिकाणी उलटं चालतं. थेट लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड. जाळी तासाभरात जाते आणि तिच्या जागी धुरकटपणा येतो, कारण कापणाऱ्या पॅडने स्वतःच्या बारीक रेघा सोडलेल्या असतात. रोटरीच्या असतील तर गाडी हलली की उन्हात मोराच्या पिसाऱ्यासारखे पट्टे सरकताना दिसतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. तो धूर मऊ फोमच्या पॅडने आणि बारीक पॉलिशने काढायचा असतो. हीच शेवटची पायरी गाळली जाते, कारण दुकानातल्या सावलीत तो दिसत नाही. तेलकट ग्लेझ लावलं की आहे तेवढाही झाकला जातो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, दोन धुण्यांत ग्लेझ उतरतं आणि जाळी पुन्हा हजर. यावर उपाय स्वस्त आहे. पैसे देण्याआधी एका पॅनेलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसायला सांगायचं आणि गाडी उन्हात काढायची. त्याला नाही म्हणणाऱ्या दुकानाला पुन्हा जायचं कारण नाही.

दसरा-दिवाळीला या दुकानांत गर्दी उसळते. खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणजे बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि चाकांखाली लिंबं. त्याच दिवसांत नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात दिवाळीआधी तख्तस्नान होतं, गोदावरीचं पाणी आणून जुनी शस्त्रंही स्वच्छ केली जातात. पोलाद आतबाहेर पोलादच असतं, पिढ्यान्‌पिढ्या उजळलं तरी खाली तोच धातू. गाडीला ते भाग्य नाही. दर दसऱ्याला ‘रबिंग-पॉलिश’ मारून घेणारे मालक मी पाहतो तेव्हा त्यांच्या चाळीस मायक्रॉनची काळजी वाटते. थर एकदा पातळ झाला की ऊन खालच्या रंगापर्यंत पोचतं आणि छतावर, बॉनेटवर लॅकर पापुद्र्यांनी सुटू लागतं. तिथे पॉलिशचं काम संपतं, पुन्हा पेंट करण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणून खऱ्या कारागिराच्या हातात मशीनच्या आधी जाडी मोजायचं मीटर दिसायला हवं. पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनचा आकडा येतो. दारावर 115, शेजारच्या दारावर 240 आला तर ते दार पुन्हा रंगवलेलं. 600-700 आला तर आत पुटी भरलेली. जुन्या गाडीच्या व्यवहारात हे यंत्र फार उपयोगी, एजंट ‘एकहाती, ओरिजिनल पेंट’ म्हणत असतो आणि मीटर गप्पपणे काहीतरी वेगळंच सांगतं. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र साधं मीटर चालत नाही, तिथे अनुभवानेच ठरवावं लागतं. आकडा 80च्या खाली गेला असेल तर शहाणा माणूस कंपाउंड बाजूला ठेवतो. नख अडकेल इतका खोल ओरखडा तर पॉलिशने काढूच नये. तो पूर्ण नाहीसा करायला जेवढा थर काढावा लागेल तेवढा हाताशी नसतोच. कडा बोथट करून तो मंद करायचा आणि सोडून द्यायचा. ‘एवढाच राहू द्या, दादा’ असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा मला या धंद्यातला उस्ताद वाटतो.

त्यानंतर सिरॅमिक कोटिंगचं आमिष असतं. पाटीवर ‘नाइन एच’ लिहिलेलं, आणि ऐकणारा समजतो की हिरा दहा तर हे नऊ. ते माप पेन्सिलीच्या कठीणपणाचं आहे, खनिजांच्या मोह्स मापाशी त्याचा संबंध नाही. कोटिंगचा थर एखाद-दोन मायक्रॉनचाच असतो. पाणी त्यावरून निथळतं, धूळ सहज सुटते, धुणं सोपं होतं. हे फायदे खरे. पण काळ्या मातीची धूळ कोरडी रगडली तर रेघा त्याच्यावरही येतात, आणि जाळी न काढताच कोटिंग मारलं असेल तर ती आत बंद होऊन बसते. खरं चिलखत म्हणजे पीपीएफ, दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. तिचा खर्च ऐकून बहुतेक लोक पुन्हा पॉलिशकडे वळतात.

पाणीटंचाईच्या गावाला खरा उपयोग आहे तो बादलीभर पाण्याचा. दहा लिटर पाण्यात टोपणभर रिन्सलेस शॅम्पू टाकायचा. तो धुळीच्या कणांभोवती बुळबुळीत आवरण धरतो आणि नंतर खळबळून धुवावं लागत नाही. आधी स्प्रेने पॅनेल ओलं करायचं, मग भिजवलेलं मायक्रोफायबर एकाच दिशेने, दाब न देता ओढायचं, घडी पालटायची, दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने टिपायचं. नळी लावली तर शंभर लिटर पाणी सहज जातं. इथे बादलीतलं थोडं उरतंही. धूळ जाड बसली असेल, चिखलाचे पापुद्रे असतील, तर मात्र हा उपाय नको. त्या दिवशी वॉशिंग सेंटरच गाठावं.

हे सगळं मालकाला समजावून फारसा फायदा नसतो, कारण गाडी त्याची असली तरी फडकं ड्रायव्हरच्या हातात असतं. म्हणून गाडी ताब्यात देताना मालकाशी हिशेब झाला की ड्रायव्हरला बाजूला बोलवावं: ‘मामा, पिवळं फडकं आता काचेला आणि डॅशबोर्डला. रंगाला हे निळं, ओलं करूनच. आणि खाली पडलं की ते चाकांचं झालं, परत बॉनेटवर आणायचं नाही.’ डिकीत दोन निळी फडकी आणि शॅम्पूची छोटी बाटली ठेवून द्यावी, तिचे पैसे बिलात धरले तरी चालतील.