दोन प्रदेशांच्या सांध्यावरील अटी

भाषांच्या स्पर्धेचे गणित मांडू लागताच सीमा ही नकाशावरील रेषा न राहता एक अट बनते. एब्रॅम्स आणि स्ट्रोगॅट्झ यांच्या २००३ सालच्या प्रतिमानात स्थळाचा विचार नव्हता. त्यात दोन भाषांपैकी एक अखेर लोप पावते. २००४ साली पात्रियार्का व लेप्पानेन यांनी त्याला विसरणाची जोड देऊन भिन्न प्रभावाचे दोन प्रदेश कल्पिले, तेव्हा दोन्ही भाषा आपापल्या प्रदेशात टिकू शकतात असे दिसून आले. प्रदेश कल्पिल्याने निष्कर्षच पालटत असेल, तर त्यांच्या सांध्यावर संगणकाला नेमके काय सांगावे हा प्रश्न गौण मानता येत नाही.

सांध्यावर दोन अटी लागतात. भाषकांची घनता दोन्ही बाजूंनी एकच असावी. आणि एका प्रदेशातून जितके भाषक बाहेर पडतात तितकेच दुसऱ्यात शिरावेत. प्रवाह म्हणजे विसरणांक व घनतेचा उतार यांचा गुणाकार. तेव्हा विसरणांक भिन्न असतील तर उतार सारखे असू शकत नाहीत. वक्राला तेथे कोन पडलाच पाहिजे. तो कोन कुरूप वाटून उतारही जुळवून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि मग माणसे हिशेबातून नाहीशी होतात किंवा नव्याने उगवतात.

समजा, डावीकडील विसरणांक ४ व उजवीकडील १ आहे, आणि सांधा दोन समान चौकटींच्या मधोमध येतो. समांतर माध्य २·५ भरते. परंतु दोन अर्ध्या चौकटींचे अडथळे एकापुढे एक असल्याने त्यांची बेरीज होते, म्हणून १·६ हे हरात्मक माध्यच योग्य ठरते. मात्र विसरणांक घनतेवरच अवलंबून असेल आणि पुढील चौकट रिकामी असेल, तर तेथील विसरणांक शून्य होऊन हरात्मक माध्यही शून्य होते आणि भाषेची आघाडी जागच्या जागी गोठते. हा दोष पद्धतीचा होय, भाषेचा नव्हे. अशा ठिकाणी समांतर माध्य घेणे बरे.

प्रदेश स्वतंत्रपणे सोडवून आळीपाळीने जुळवायचे झाल्यास एकाला सांध्यावरील घनता सांगतात व दुसऱ्याला प्रवाह. कोणाला काय सांगावे, ही बाब मुळीच किरकोळ नाही. वरील आकडे, समान लांबीचे प्रदेश व स्थिर अवस्था घेतल्यास, ४ च्या प्रदेशाला घनता सांगितली की प्रत्येक फेरीत चूक चौपट होऊन चिन्ह पालटते. १ च्या प्रदेशाला सांगितली तर ती चतुर्थांश होते. पहिल्याच क्रमाचा आग्रह असेल तर नव्या उत्तराचा एक पंचमांश व जुन्याचा चार पंचमांश घ्यावा, म्हणजे चूक एका फेरीत मावळते. अरैखिक समीकरणात मात्र घनतेबरोबर ४ आणि १ हे आकडेही बदलत राहतात, आणि तो एक पंचमांश प्रत्येक कालटप्प्यावर नव्याने ठरवावा लागतो.