धावणाऱ्याच्या अंगावरचे ओझे

ख्रिस्ती माणसाच्या आध्यात्मिक जीवनाला अडथळा कशाचा होतो, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी पाप हा शब्द येईल, आणि त्यात चूक काही नाही. परंतु नव्या करारातील इब्री लोकांस पाठविलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा देताना, पत्रकर्त्याने धावणाऱ्याला दोन निरनिराळ्या गोष्टी टाकावयास सांगितल्या आहेत: एक पायांत गुरफटणारे पाप, आणि दुसरे नुसते ओझे. चोरी, लबाडी, व्यभिचार यांना वाईट म्हणण्यास कोणाचीच हरकत नसते. ओझे मात्र बहुधा चांगल्या, निदान निर्दोष वस्तूंचे असते. आणि म्हणूनच ते उतरविण्याची गरज आहे, हेच माणसाला वर्षानुवर्षे उमगत नाही.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने आपण काय टाकले याची जी यादी दिली आहे, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तीत एकही दुर्गुण नाही. आठव्या दिवशी झालेली सुंता, इस्राएलाचे कुळ, बन्यामिनाचा वंश, परूशी पंथाचे कडकडीत आचरण, नियमशास्त्राच्या बाबतीत निष्कलंक नाव, अशी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वतनासारखी ही मिळकत होती, आणि जमेच्या बाजूची ही सारी कलमे ख्रिस्तासाठी त्याने आपल्या हाताने खर्ची टाकली. मार्काच्या शुभवर्तमानातील तो धनिक मनुष्यही दुराचारी नव्हता. लहानपणापासून त्याने आज्ञा पाळल्या होत्या, आणि येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पण त्याचे धन मोठे होते, ते सोडणे त्याला जमले नाही आणि तो खिन्न होऊन निघून गेला.

आपल्या महाराष्ट्रात या प्रकारच्या त्यागाचा सर्वांत निष्कपट वृत्तांत मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतो. ज्या घरात त्या वाढल्या त्या घरात वडिलांचे सोवळे बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत पोहोचले होते, आणि त्या कडकपणाचा जाच घरातील सर्वांनीच सोसला होता. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षे त्या माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीकडे परत आल्या त्या आपले सोवळे, आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण दुसऱ्याने ओढून काढलेले ओझे संधी मिळताच माणूस पुन्हा खांद्यावर घेतो. लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला: जन्म, मरण, भूक, रक्तमांस हे सर्व जर सर्व माणसांचे सारखे, तर जातीजातींतील हा भेद देवाने केला की माणसाने? तो माणसाने केला, असा निर्णय मनाशी होताच त्यांनी तो अमलात आणला. आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांचे सोवळे हे पाप होते असे कोणी म्हणणार नाही. लहानपणी त्यांना शिकविलेली ती शुचिताच होती. परंतु ते हातून सुटले नसते तर पुढे जातपात न विचारता परक्यांची मुले घरात घेऊन वाढविणाऱ्या लक्ष्मीबाई महाराष्ट्राला दिसल्याच नसत्या.

स्वतः टिळकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे जडले आणि मागे फिरेना. तरीही निश्चय आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये बराच काळ गेला, आणि मध्ये उभी होती ती पत्नी आणि मूल यांवरील माया. पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना स्थैर्य लाभले. ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात अध्यापन, पाळकपदाची दीक्षा, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन आणि मंडळीमंडळींत गाइल्या जाणाऱ्या उपासनागीतांचे कर्तृत्व, असे मानाचे सर्व काही मिळाले असताना १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे झाल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास येऊन संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा तो एक बंधुसमाज होता, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक त्यांना त्यात हवे होते. मिशनच्या पगारात पाप नव्हते. पण परकीयांच्या पदरचा नोकर म्हणून पाहणाऱ्या देशबांधवांपर्यंत आपला शब्द पोहोचत नाही, ही जाणीव टिळकांना छळत होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा या नव्या जीवनाला दोन वर्षेही लोटली नव्हती.

मात्र टिळकांनी सर्वच टाकले नाही, आणि येथेच त्यांचा विवेक मला सर्वांत मोठा वाटतो. धर्मांतर केलेल्या माणसाने पूर्वीच्या सर्व गोष्टींवर पाणी सोडावे, अशी अपेक्षा त्या काळी पुष्कळांची होती. टिळकांनी जातीचा अभिमान टाकला, पण तुकोबांना टाकले नाही. अभंग आणि ओवी हे छंद, भक्तीची आळवणी, कीर्तनाची पद्धत यांना त्यांनी ख्रिस्ताच्या चरणांशी नेले, कारण त्यांच्यासाठी हे सारे अडथळा नसून ख्रिस्ताकडे येण्याची वाट होती. त्यागाची हौस लागलेला माणूस पुष्कळदा वाटच उखडून टाकतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने देहदंडाच्या नुसत्या देखाव्याविरुद्ध इशारा दिला आहे, तो अशा माणसांसाठीच.

दुसरीही एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. आलेला पैसा ते सहज देऊन टाकीत, आणि त्या औदार्याचा हप्ता अनेकदा लक्ष्मीबाईंना भरावा लागे. टिळकांविषयी मला नितांत आदर आहे, तरी आपल्या त्यागाचा भार घरच्यांवर लादण्याचा अधिकार माणसाला आहे असे मला वाटत नाही. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात जे कठोर शब्द आहेत, तेही त्याच नव्या करारातले आहेत. आणि तरीही टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे चौसष्ट अध्याय लिहून नेटाने पुढे नेले ते याच बाईंनी.

सामान्य ख्रिस्ती माणसाला संन्यास घ्यावयाचा नसतो. त्याच्यासाठी राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, आणि त्यात कोणी मांसाहार सोडतो, कोणी दारू. हे चांगलेच आहे. पण ईस्टरच्या दुपारी जे परत पानात यावयाचे ते चाळीस दिवस बाजूला ठेवणे सोपे, आणि मनात धरलेला वैरभाव सोडणे कठीण. कारण ज्याचा खरोखरच अपमान झाला आहे, त्याला आपला राग न्याय्य वाटतो आणि न्याय्य वस्तू टाकावी कशी हे त्याला कळत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने याविषयी दिलेली आज्ञा अगदी व्यवहारी आहे. वेदीपाशी आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. अठराव्या अध्यायात उलट बाजू आहे: अपराध दुसऱ्याने केला असेल, तरी प्रथम आपणच त्याच्याकडे जावे, आणि ते दोघांनीच, एकांतात, साक्षीदार आणि मंडळी यांची पाळी नंतरची. मंडळीतील मानापमानाचे आणि मालमत्तेचे कज्जे आज पंचांपुढून दिवाणी कोर्टात जातात, तेव्हा दप्तरात अर्ज, जबाब, नकला सर्व काही सापडते. ती पहिली, दोघांतली भेट मात्र बहुधा झालेलीच नसते.